नामुतेबी आजींची वीण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भिकन आबा, व्यासपीठावरचे आपले पाहुणे हीरालाल शेठ आणि सौ. सुगनबाई, असोद्याच्या बचत गटातल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली नाकाटो,

मी रूपा. गटाची सचिव म्हणून माईक माझ्या हाती आला. खरा मान गटातल्या सगळ्यांत थोरल्या ताईबाईंचा होता.

नाकाटो युगांडाहून जळगावला केळीचा अभ्यास करायला आली. आपल्या मळ्यात फेकलेली खोडं पाहून म्हणाली, "हमारे यहाँ इससे टोकरी बनती है." खोडाच्या वाळलेल्या सोपटाचा पिळा, त्यावर धाग्याचे घट्ट वेढे, हातात दाभण. आधी ताईबाई शिकल्या, मग आम्ही. तिच्या आजीनं अशाच टोपल्या विकून तिला शिकवलं, हे मात्र फार उशिरा कळलं. का? आम्ही विचारलंच नाही!

धुळ्याला देवपुरातल्या प्रदर्शनात मी हौसेनं फळ्यावर लिहिलं, 'असोद्याची पारंपरिक टोपली'. नाकाटोनं एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि तिचे विणणारे हात थांबले.

"काय झालं वं माय?" ताईबाईंनी विचारलं.

"ये मेरी दादी की बुनाई है," ती हळूच म्हणाली.

समोर शेठजी आणि सुगनबाई उभे, मुलीच्या लग्नासाठी दोनशे टोपल्या सांगायला आलेले. त्यांच्यादेखत ताईबाई कडाडल्या, "रूपा, पूस ते! आपल्याले शिकोलं कोनं, अन् लिहिलं काय तू?"

मी पुसलं. खोटं कशाला सांगू, ऑर्डर गेली असंच वाटलं. लाज वाटली ती वेगळीच. तेवढ्यात सुगनबाईंनी विचारलं, "आजीचं नाव काय?" आणि खडू नाकाटोच्या हातात दिला. तिनं एकेक अक्षर विचारत लिहिलं, 'नामुतेबी आजींची वीण, असोद्याची केळी'. शेठजी, तुमच्या लेकीच्या, विधीच्या, लग्नात प्रत्येक टोपलीवर हीच चिठ्ठी होती, याचा आम्हांला फार अभिमान आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर आजींनी ताईबाईंची टोपली पाहिली. बूड सैल आहे म्हणाल्या! ताईबाईंनी रात्रीत उसवून पुन्हा विणली आणि काल परत कॉलवर दाखवली. मग आजींनी एवढंच विचारलं, "पुढं कोणाला शिकवलंस?"

ताईबाईंनी फोन मागे फिरवला. वरणगावाहून शिकायला आलेल्या अकरा जणी विणत बसल्या होत्या. "या सगय्या," ताईबाई म्हणाल्या. नाकाटोनं भाषांतर करायच्या आतच तिकडे आजी उठून उभ्या राहिल्या होत्या.

नाकाटो, त्यांना आमचा नमस्कार सांग. आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, गटातर्फे आभार. बोलण्यात कुणाचा मान राहिला असेल, तर धाकट्या बहिणीची चूक म्हणून पदरात घ्या.