यादीबाहेरचे दुपटे

सन्माननीय अध्यक्ष श्री. यशवंतराव कुदळे, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे व आपल्या नव्या कारखान्याचे कामगार अधिकारी साहेब, सायंवर्ग समितीचे सर्व सभासद, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो ते आपले मारुतराव ढगे गुरुजी, सौ. शालनबाई वहिनी, चिंचवड-पिंपरीचे ग्रामस्थ, माताभगिनी आणि माझ्या वर्गबंधूंनो,

गुरुवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९५३ रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी मडगाव स्टेशनच्या फलाटावर वळकटीवर बसून एका यादीची दुसरी प्रत काढत होतो. तिथूनच सुरुवात करतो. 'सहलीच्या गोड आठवणी' असा विषय मला दिला आहे आणि पाच मिनिटे दिली आहेत. पहिल्या पाच दिवसांच्या आठवणी माझ्यानंतर मालोजी सांगेल आणि माझ्यापेक्षा चांगल्या सांगेल. माझ्याकडे फक्त शेवटचा दिवस आहे.

मी वक्ता नाही. सातवीनंतर शाळा सुटली. अक्षर बरे आणि शुद्धलेखन बरे, एवढ्या भांडवलावर मी सायंवर्गाचा चिटणीस झालो आणि कारखान्यात हजेरी-कारकून. आज पहिली पाळी संपवून थेट इकडे आलो आहे. आवाज खाली गेला तर मागच्यांनी हात वर करावा.

गुरुजींचे उपकार मी काय सांगावेत? सहा वर्षांपूर्वी या वर्गात आलेल्या अकरा जणांपैकी नऊ जण पगाराच्या दिवशी अंगठा उठवत होते. गुरुजींनी पहिल्या दिवशी मुळाक्षरे शिकवली नाहीत. आधी ज्याला त्याला त्याचे स्वतःचे नाव शिकवले. आणि सही आली त्या दिवशी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली. ती इथे बसलेल्या निम्म्या सभेला पाठ आहे. "सही करायची म्हणजे वर जे लिहिलंय त्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायचं. झेपत असेल तरच कर." मला त्या वेळी वाटले होते, सहीचे कसले आले ओझे?

असो. सहलीला गोव्याला जायचे ठरले तेव्हा मालोजीने विचारले होते, गोवा हा परदेश कसा काय, तिथली माणसे तर आपल्यासारखीच जेवतात. गुरुजी म्हणाले, माणसे आपली, पण राज्य पोर्तुगालचे, म्हणून जाता-येता हद्दीवर झडती. त्यासाठी माझ्याकडे यादीचे काम आले. माझ्यासकट एकोणीस विद्यार्थ्यांनी तिकडे घेतलेली प्रत्येक वस्तू मी लिहीत होतो. काजू किती, बिस्किटांचे डबे किती, मालोजीच्या आईसाठी छत्री एक, तिच्या मुठीचा रंग तपकिरी. मालोजी फलाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ज्योतीराम, आरं ही यादी न्हाई, पंचनामा हाय. आमी काय खाल्लं त्ये बी लिव्ह." सगळे हसले. मीही हसलो. यादीत एकसष्ट वस्तू झाल्या. खाली गुरुजींनी लिहिले, 'यादीबाहेर काही नाही', आणि सही केली. मग ते तिकिटे दाखवायला स्टेशनमास्तरांकडे गेले.

तेवढ्यात एक म्हातारी आली. आपल्या कारखान्याच्या बांधकामावरचे भिमाजी सुतार सर्वांना माहीत आहेत. ही त्यांची सासू. त्यांची बायको इंदू हिचे पहिले बाळंतपण होते. रीतीने ती माहेरी जायची, पण हद्द ओलांडून सहाव्या महिन्यात पाठवायला भिमाजींचे मन होईना. मग माहेरानेच इकडे यायचे ठरवले, दुपट्याच्या रूपाने. आमच्या परतीच्या गाडीचा दिवस भिमाजींनी पत्राने कळवला होता, आणि म्हातारी पहाटेपासून चालत आली होती. कारकून कोण, म्हणून तिने विचारले असावे. मुलांनी माझ्याकडे बोट दाखवले. जुन्या लुगड्याचे शिवलेले दुपटे तिने माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "पुता, हें म्हज्या धुवेक दी." तेवढे कोकणी मलाही कळले. लेकीला दे.

मी ते माझ्या वळकटीत गुंडाळले. यादीत लिहिले नाही.

का लिहिले नाही, हे मी गेले साडेतीन महिने स्वतःला विचारतो आहे. खोटे सांगत नाही, लपवायचे मनातही नव्हते. यादीचा मथळा होता, 'गोव्यात खरेदी केलेल्या वस्तू'. बाळंतविडा ही काय खरेदी आहे? आईने लेकीला पाठवलेली वस्तू छत्री आणि बिस्किटांच्या खाली बासष्टावी म्हणून लिहायची, हे माझ्या हाताला बरे वाटेना. आणि दोन्ही प्रती स्वच्छ झाल्या होत्या, खाली सही झाली होती. सहीच्या खाली ओळ वाढवली तर कागद बिघडला असता. गुरुजी परत आल्यावर त्यांना सांगायचे, असे ठरवले. गाडी आली आणि जागा पकडण्याच्या गडबडीत ते राहून गेले.

अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे मीही पाहतो आहे. फार वेळ घेणार नाही.

कुळ्याला पोर्तुगीज शिपायांनी वरवर पाहिले आणि सोडले. घाट चढून दुपारी कॅसलरॉकला आलो. म्हणजे आपल्या राज्यात आलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या झडतीच्या अंमलदारांनी आमची यादी वाचून कौतुक केले, अशी यादी पाहिली नाही म्हणाले. मग त्यांनी वळकट्या सोडायला लावल्या. दुपट्याची कड त्यांनी बोटांनी चाचपली, पात्याने उसवली, आणि आतून दोन सोन्याच्या बिंदल्या निघाल्या. बाळाच्या मनगटात बसतील एवढ्याच. म्हातारीने त्या शिवून पाठवल्या होत्या. ना मला सांगितले, ना कोणाला.

"हे यादीत कुठे आहे?" अंमलदारांनी विचारले. "वळकटी कोणाची?"

समोर एकोणीस वळकट्या उघड्या पडल्या होत्या, सगळ्या सारख्याच. मी खाली पाहत राहिलो. गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिले. त्यांना कळले होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "यादीखाली सही माझी आहे. बोलायचं ते माझ्याशी बोला."

गाडी सुटायची होती. गुरुजींना जबाबासाठी थांबवून घेतले. त्यांनी मला दाराशी बोलावले आणि एवढेच म्हणाले, "ज्योतीराम, पोरं मोज आणि घरी ने." मी लोंढ्याला मोजली, बेळगावला मोजली, मिरजेला मोजली. पुण्यात उतरून चिंचवडची गाडी पकडली तेव्हाही एकोणीस होती. असे काम मला जमते.

गुरुजी दोन दिवसांनी आले. बिंदल्या सरकारजमा झाल्या, नुसते दुपटे घेऊन आले. ते त्यांनी स्वतः भिमाजींच्या खोपटावर पोचवले. तोवर गावात बभ्रा झालेला होता. मास्तर मुलांच्या आडून सोने आणतो. मुले वाऱ्यावर सोडून मागे राहिला. समितीने माझ्याकडे लेखी हकिगत मागितली. मी दीड पान लिहून दिले. त्यात प्रत्येक स्टेशनची वेळ बरोबर आहे. 'झडतीत कापडातून सोने निघाले. त्याची जबाबदारी गुरुजींनी घेतली.' एक शब्द खोटा नाही. पण आठव्या आणि नवव्या ओळींच्या मध्ये एक ओळ कोरी आहे. वाचणाऱ्यांना वाटले असेल, परिच्छेद पाडला. मी जागा सोडली होती. वळकटी कोणाची, ते तिथे लिहायचे होते.

एक डिसेंबरला मी कारखान्यात कायम होणार होतो. चारित्र्याची चौकशी चालू होती. कायम झालो की लिहू, म्हटले. झालो. नाही लिहिले.

आज मघाशी वाचलेले मानपत्र माझ्याच अक्षरातले आहे. माझ्या मसुद्यात 'निष्कलंक चारित्र्य' असे दोन शब्द होते. समितीने ते गाळले. गुरुजी स्वेच्छेने माणच्या शाळेवर जात आहेत, असे आता दोन वक्त्यांनी सांगितले. पुनावळ्यावरून सायकलने रोज किती वेळ लागेल, हे वहिनींना विचारा. परवा मी गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, मी सभेत सांगतो. त्यांनी सायकलच्या चाकात हवा भरता भरता मान हलवली. "राहू दे रे. माणलाही पोरंच आहेत. तुझी नोकरी नवी आहे." ते थकलेले दिसले. मीही थकलो आहे, गुरुजी. पाळीने नव्हे. हजेरीपटावर रोज दोनशे माणसांच्या सह्या घेतो आणि प्रत्येक सहीला मान खाली जाते.

मागे स्त्रियांच्या बाजूला जे बाळ रडते आहे, ते इंदूचे. अंगावर तेच दुपटे आहे. एका बाजूची कड अजून उसवलेली आहे.

कामगार अधिकारी साहेब, आपण इथे आहात हे मला ठाऊक आहे. आपल्या दप्तरात माझ्याबद्दल जे लिहायचे ते आपण लिहा. अध्यक्षमहाराज, माझी हकिगत समितीच्या फायलीत आहे. ती आज इथे मागवावी, अशी माझी विनंती आहे. दौत-टाक मी आणले आहे. ओळ अशी आहे: 'ती वळकटी माझी होती, आणि दुपटे मी गुरुजींना न सांगता घेतले होते.' खाली सही करीन. आता झेपेल असे वाटते.

गुरुजी, माणच्या मुलांना आधी त्यांचे नाव शिकवा. वहिनी, आपल्याला आमच्यामुळे फार सोसावे लागले. आयोजकांनी मला बोलण्याची संधी दिली आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल आभार. माझ्या बोलण्यात काही चुकले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. लिहिण्यात जे चुकले आहे, त्याची क्षमा मात्र करू नये. ते दुरुस्त करून घ्यावे.