पाठीवरचा बुटका

(खेळाचं टेबल. भावाच्या वस्तू न्यायला बहीण आली आहे.)

बहीण: एवढासा? दादा खेळात हा व्हायचा?

गोष्टवाला: हो. बाहुली बोटभर, पण गोष्टीत तो कमरेएवढा. बुटक्यांच्या जमातीतला. मी गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन फासे टाकतात.

बहीण: अहो, दादाला दारातून वाकून यावं लागायचं!

गोष्टवाला: म्हणून तर आम्ही हसून लोळलो. राक्षस हो म्हटलं, सेनापती हो म्हटलं. ऐकेल तर शपथ!

बहीण: बुटक्याचं काम काय असतं?

गोष्टवाला: फटीतून आत शिरायचं, किल्ल्या पळवायच्या, वर टवाळी करायची. पाय आखूड, त्यामुळे मजल लांबली की मागे पडतो. मग मोठ्या पात्राने त्याला पाठीवर घ्यायचं, हा आमच्या टेबलाचा नियम.

बहीण: दादाला कोण घ्यायचं?

गोष्टवाला: राक्षसीण. म्हणजे आमच्यातली ती काडीपैलवान नर्स.

बहीण: एरवी हसले असते मी. दादा गेल्यापासून ना हसू येत ना रडू. नुसती बधिर झालेय.

गोष्टवाला: माझंही तेच. परवा खेळायला बसलो. गोष्टीत नदी आली. नर्स सवयीने बोलून गेली, "बुटका माझ्या पाठीवर आहे." मीही गोष्ट तशीच पुढे नेली. सगळे पार झालो.

बहीण: मग आता?

गोष्टवाला: बाकीचे म्हणतात, त्याला लढाईत मरण दे, शूरासारखं. तू बाहुली नेलीस तर द्यावंच लागेल. मला सुचत नाही, म्हणून तुला विचारतोय.

बहीण: तो आपणहून व्हायचा बुटका?

गोष्टवाला: दर वेळी. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बरं वाटतं रे."

बहीण: आमच्याकडे लिफ्ट नाही. बाबांना दवाखान्यात न्यायचं तर तोच पाठीवर घेऊन उतरायचा. सिलिंडर तोच, कपाट तोच. मला ताप आला की मलाही. मोठा आहे ना, उचलेल, असंच चाललं होतं आमचं.

गोष्टवाला: कधी बोलला नाही.

बहीण: त्याला उचललं ते एकदाच. हॉस्पिटलात. चौघं लागले.

गोष्टवाला: पाणी देऊ?

बहीण: नको. गोष्टीत पुढे कुठे जायचंय तुम्हाला?

गोष्टवाला: डोंगरापलीकडे. बरंच लांब.

बहीण: मग त्याचं जॅकेट तेवढं द्या. बाहुली असू दे इथेच. आणि नर्सला सांगा, इतक्यात उतरवू नकोस म्हणावं.