एकाच डब्यात पेढे आणि जिलेबी

मी, गोजरबाई हिंदुराव वाघमोडे, वय ६१ वर्षे, धंदा कडक भाकरी करून देणे, राहणार अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे, सोलापूर, मूळ तालुका माळशिरस. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आज समक्ष हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी, मुलगा युवराज व सून ऋतुजा राहतो. युवराज टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. दोष सुनेत की मुलात, हे लोकांनी फार विचारले. डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी केली आहे. तिसऱ्याला ते कळायचे कारण नाही.

टेस्ट ट्यूब बाळासाठी आधी दोनदा पुण्याला गेलो. दोन्ही वेळा यश आले नाही. आता ही सोय सोलापुरातच झाल्याने यंदा इथल्या दवाखान्यात नाव घातले. तिथे बाकावर धाराशिव, लातूर, इंडीकडच्या बायका भेटतात. पूर्वी अशा बायका पदराआड तोंड लपवून बसायच्या, आता एकमेकींना शेंगाचटणी वाटतात. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "मावशी, न राहण्याचंच प्रमाण जास्त असतं. मनाची तयारी ठेवा." मला ती बाई तेव्हाच पटली.

या वेळी दोन गर्भ ठेवले. पंधरा दिवसांनी रक्त तपासले आणि राहिले आहे असा फोन आला. ऋतुजा खाली बसून रडली. मी मिठाईवाल्याकडे गेले.

तीन महिने होईपर्यंत बोलू नये, ही रीत मला माहीत आहे. पण गल्लीतल्या प्रत्येक बारशाचा डबा आमच्याकडे आलेला आहे. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून नऊ वर्षे मी त्यात साखर घालून परत करत आले. आमच्या घरातून डबा कधी गेला नव्हता. मला दम निघाला नाही.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, ही आमच्याकडची पद्धत. मिठाईवाले बसप्पा पेढ्याच्या परातीकडे वळले. मी म्हटले, "आवो, आजून मुगाएवढं न्हाय ते. दोनी द्या." प्रत्येक डब्यात दोन्ही भरून गल्लीभर वाटले. कुणी विचारले तर "दोन ठेवल्यात" एवढेच सांगितले.

समोर राहणारे निवृत्त मास्तर वीरभद्रप्पा यांना अर्ज करण्याची हौस आहे. रस्त्यावरचा दिवा गेला की अर्ज, कुत्री वाढली की अर्ज. दोन गर्भ, एक पेढा, एक जिलेबी, यावरून त्यांनी ताडले की एक मुलगा व एक मुलगी आहे, म्हणजे दवाखान्याने लिंग तपासून सांगितले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्यांनी ठाण्यात अर्ज दिला, आणि तो खरा ठरला तर दवाखान्याची सोनोग्राफी मशीन सील होईल असे गल्लीत बोलले. तेव्हापासून ऋतुजा नीट जेवेना. "आत्या, माझ्यामुळं डॉक्टरबाईंवर बालंट आलं. बाकावरच्या त्या बायकांनी आता कुटं जायाचं?" असे ती म्हणाली.

तरी मी सांगते की, मुलगा की मुलगी हे दवाखान्यात कोणी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. पेढा माझा, जिलेबीही माझीच. सोनोग्राफी तेव्हा झालीच नव्हती, पहिली आज आहे. ऋतुजा भीतीने जात नव्हती. तिला युवराजसोबत पाठवून मी इकडे आले.

जबाब घेताना वीरभद्रप्पा हजर होते. हवालदार धम्मप्रिया मॅडमनी विचारल्यावर ते म्हणाले, "वाईट मनानं न्हाय केलं. लोक पोटातच पोरी मारत्यात, म्हणून भीती वाटली की." मला ते पटले. असा अर्ज कोणीतरी करायलाच हवा, फक्त आमच्यावर नको.

इतक्यात युवराजचा फोन आला. मला नीट ऐकू येईना, म्हणून मॅडमनी तो स्पीकरवर लावला. युवराज म्हणाला, "आई, दोनातलं एक न्हाय राहिलं. पर एक हाय. ठोकं ऐकलं मी. लई जोरात पळतंय बघ." मी "दोघं जेवून या" असे सांगितले.

त्यावर ठाणे अंमलदार साहेब खुर्चीवरून उठले, फोनकडे वाकले आणि म्हणाले, "अभिनंदन! मुलगा का मुलगी?"

वीरभद्रप्पांनी खिशातून पेन काढले व म्हणाले, "साहेब, आता तुमच्यावर अर्ज करू का?" मग सगळेच हसले, साहेबही. हा भाग जबाबात घेऊ नये असे साहेबांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे, घ्यावा.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब धम्मप्रिया मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. शेवटचा भाग मी दोनदा वाचायला लावला, तोही बरोबर आहे, म्हणून सही करते.