अकरा सेकंद बाकी असताना

यादविगा : मी तिला तोंडावर सांगितलं, पाव संपले. मागच्या फळीवर अठरा पाव मांडलेले तिला दिसत होते, तरी सांगितलं.

कझिमीर : कोणाला सांगितलंस, ताई?

यादविगा : तुमच्या त्या कोचच्या बायकोला. हॅनिगनबाईंना. सकाळी सहापासून माझ्या बेकरीच्या रांगेत उभी होती बिचारी. बिचारी कसली! तिच्या नवऱ्यानं काल माझ्या भावाला भरल्या मैदानात बाकावर बसवलं. चौदा वर्षं या संघासाठी हाडं मोडून घेतलीस तू. आणि शहराला पहिलं अजिंक्यपद मिळायची वेळ आली तेव्हा म्हणे, तू बाहेर बस.

कझिमीर : तू रेडिओ ऐकत होतीस तर.

यादविगा : तिथवर ऐकला. अकरा सेकंद उरलेत, मालेत्स्की बाहेर, त्याच्या जागी ऑस्टगार्ड, असं तो माणूस म्हणाला आणि मी बटण पिरगाळलं. जिंकल्याचं भोंग्यांवरून कळलं. पोलादाच्या कारखान्याचा भोंगा, बंदरातल्या बोटींचे भोंगे, सगळे एकदम सुरू झाले.

कझिमीर : अख्खं शहर रस्त्यावर नाचत होतं आणि तू काय करत होतीस?

यादविगा : पीठ मळत होते. रागाच्या भरात इतकं मळलं की आजचे पाव दगड झालेत. तू खातोयस तो त्यातलाच.

कझिमीर : तरीच म्हटलं. आणि हॅनिगनबाई काय म्हणाल्या?

यादविगा : काही नाही. 'बरं' म्हणाली, शाल सारखी केली आणि गेली.

कझिमीर : तिला सगळं ठाऊक होतं, ताई. तरी बोलली नाही ती.

यादविगा : काय ठाऊक होतं?

कझिमीर : तू आधी बस. लाटणं खाली ठेव. सातवा सामना आठवतो? पाऊस होता तेव्हा.

यादविगा : आठवतो की. पहिले तीन हरलात तेव्हा गिऱ्हाइकं माझ्याकडे असं बघायची, जणू मीच मैदानात तोंडघशी पडले होते. मग ओळीनं जिंकत गेलात आणि तीच माणसं कझिमीरची बहीण म्हणून मला टोप्या काढून नमस्कार करायला लागली. तू त्या सामन्यातून मान वाकडी करून आलास. मी हंसाची चरबी चोळून दिली.

कझिमीर : मी म्हणालो होतो, मान जरा आखडलीय. आखडली नव्हती. दोन जण अंगावर पडले तेव्हा काहीतरी कट्‌कन वाजलं, आणि उजव्या हाताची ही दोन बोटं गेली.

यादविगा : गेली म्हणजे?

कझिमीर : बधिर. टाचणी टोचली तरी कळत नाही. नोव्हेंबरपासून.

यादविगा : आणि तू मला आज सांगतोयस.

कझिमीर : कोणालाच सांगितलं नव्हतं. माझं काम तसं सोपं. आमच्या पुढच्या फळीच्या मधोमध वाकायचं आणि चेंडू पायांमधून मागे द्यायचा. मागचा गडी खेटून उभा असतो, त्याच्या हातात द्यायला तीन बोटं पुरतात. किकच्या वेळी मात्र चेंडू सात यार्ड मागे फेकावा लागतो. तिथे मार्टी गुडघा टेकून बसलेला. तो चेंडू झेलून उभा धरतो, आणि रिझो किक मारून तो दोन खांबांमधून घालवतो, गेला की तीन गुण. तिथे बोटं लागतात, ताई.

यादविगा : पण त्या पहिल्या तीननंतरचे नऊच्या नऊ सामने जिंकलात तुम्ही.

कझिमीर : नशीब म्हण. काल दुसऱ्या डावात नशीब संपलं. माझा चेंडू उंच गेला, मार्टीच्या हाताला लागून पडला. हातचे तीन गुण गेले. सगळे मार्टीवर तुटून पडले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणाला, थंडीनं हात गोठलेत माझे. चेंडू कसा आला ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? माझं नाव घेतलं नाही त्यानं.

यादविगा : आणि तूही गप्प बसलास.

कझिमीर : बसलो. पुढचा सगळा वेळ तेच डोक्यात. मग शेवट आला. ते सोळा, आम्ही चौदा. अकरा सेकंद. रिझोची एक किक लागली तर तीन गुण, नाहीतर वर्ष वाया. कोचनं हात केला, किकवाले आत जा म्हणून. मी आत जायचं सोडून त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, मला पाठवू नका.

(यादविगा उठून भट्टीचं दार उघडते, आत काहीच नसताना पाहत राहते, पुन्हा लावते.)

यादविगा : तू सांगितलंस. तू स्वतः.

कझिमीर : हो.

यादविगा : मग तो काय म्हणाला?

कझिमीर : म्हणाला, कधीपासून? म्हटलं, नोव्हेंबर. एक सणसणीत शिवी हासडली. मग म्हणाला, हा निर्णय माझा, लोकांना हेच सांगायचं. चौदा वर्षांनी या शहरानं तुझ्या बोटांची चर्चा करायला नको. माझ्या अकलेची करू दे, मला सवय आहे.

यादविगा : आणि मी त्याच्या बायकोला पाव दिला नाही.

कझिमीर : दगडच होते ते. एका अर्थी भलंच केलंस.

यादविगा : चेष्टा नको. आधी का नाही बोललास?

कझिमीर : त्या वेंडल ऑस्टगार्डमुळे. दोन वर्षं तो बाकावर बसून माझी जागा बघतोय. मला वाटायचं, बोट दुखतंय एवढं जरी म्हटलं तरी जागा गेली. उन्हाळ्यापासून त्याच्याशी धड बोललो नव्हतो. जेवताना त्यानं मीठ मागितलं तर ऐकू न आल्यासारखं करायचो. त्याचा दोष काय, तर तो पंचवीस वर्षांचा आहे. आणि मार्टीला सामन्यानंतर सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, दोन डॉलरची बिअर पाज आणि विषय संपव.

वेंडल : आत येऊ का? दार उघडंच होतं.

यादविगा : कोण रे तू?

कझिमीर : हाच तो, ताई. वेंडल ऑस्टगार्ड. माझ्या जागी गेलेला. वेंडल, ही माझी थोरली बहीण, यादविगा.

वेंडल : नमस्कार, बाई. मिरवणुकीसाठी गाडी आणलीय. दहाला कारखान्याच्या फाटकापासून निघायचंय.

यादविगा : बस. केवढा उंच आहेस तू, घरी काय खायला घालायचे? मला एक सांग. काल तू मैदानात जाताना हा तुला काही बोलला का?

वेंडल : बोलले. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

यादविगा : काय?

वेंडल : चेंडूवरचा बर्फ पुसून घे, शिवण वर ठेव, आणि मार्टीच्या हातावर नाही, छातीवर नेम धर.

यादविगा : एवढंच?

वेंडल : आणि म्हणाले, तुझा चेंडू माझ्यापेक्षा सरळ जातो. मला धीर द्यायला म्हणाले असतील.

कझिमीर : धीर कसला. खरंच जातो. उन्हाळ्यातल्या सरावातच पाहिलं होतं मी, म्हणून तर मीठ देत नव्हतो.

वेंडल : पुढच्या वर्षी द्याल?

कझिमीर : पुढच्या वर्षी मी नाही. हॅनिगनला सांगून आलोय. उन्हाळ्यात तुला चार गोष्टी दाखवीन, मग तुझं तू बघ.

यादविगा : हे मला आधी सांगायचंस ना, वेड्या. हॅनिगनबाईंना रिकाम्या हाती धाडलं नसतं मी. वेंडल, त्या कपाटातला खसखशीचा रोल काढ. कागदात नीट गुंडाळ, मोडेल.

कझिमीर : तो तू नाताळसाठी म्हणून मला ठेवलेला.

यादविगा : तुला दुसरा करीन. गाडी आधी हॅनिगनच्या दारी न्यायची. मी स्वतः देणार. काय बोलायचं ते तिथे गेल्यावर सुचेल.

वेंडल : म्हणजे तुम्ही येताय मिरवणुकीला?

कझिमीर : चौदा वर्षांत ही एकदाही मैदानावर आली नाही. मला पडताना बघवत नाही म्हणते.

यादविगा : मिरवणुकीत कोण पाडतंय त्याला. कोट कुठे ठेवला मी? हं. पण जायच्या आधी मला ते शेवटचं सांगा. मी रेडिओ बंद केल्यावर काय झालं? किक कशी गेली?

वेंडल : मला विचारू नका, बाई. मी वाकलेला, डोकं खाली, चेंडू सुटताक्षणी दोन जण पाठीवर. तोंडात बर्फ होता माझ्या. लोक ओरडले तेव्हा समजलं.

यादविगा : म्हणजे तू पाहिलीच नाहीस?

कझिमीर : मधल्या गड्याला नाही दिसत. चौदा वर्षांत रिझोची, त्याच्या आधीच्यांची, कोणाचीच किक मला दिसली नव्हती. काल बाहेर उभा होतो, म्हणून पहिल्यांदा पाहिली.

यादविगा : कशी दिसते?

कझिमीर : सावकाश जाते गं. मला वाटायचं त्याहून खूप सावकाश.