हळू म्हटलेलं गाणं

मेम्फिसच्या हार्लन टटल यांच्या अंत्यदर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्यांची मुलगी लोरेटा जरा वाऱ्याला म्हणून बाहेर आली आणि रांगेतच उभी राहिली. पुढच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींनी तिला ओळखलं नाही.

"ओडेसा, आत तुझंच गाणं लावलंय बघ."

"माझं नाही ते."

"असं काय बोलतेस? या गाण्यावर हार्लनची रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. रॉक अँड रोलला कुणी विचारत नव्हतं तेव्हा गाडीच्या डिकीत तबकड्या भरून रेडिओवाल्यांची दारं ठोठावत फिरला बिचारा."

"बिचारा म्हणे! माझ्या थोरल्याला मातीत ठेवून आठवडासुद्धा झाला नव्हता, व्हर्नेल. किती हळू म्हटलं होतं मी ते."

"आणि यानं टेपचा वेग वाढवून रेकॉर्ड काढली."

"पोरांना नाचायला हवं होतं ना! रेडिओवर लागलं तेव्हा आईनं मलाच विचारलं, 'कोण गं ही पोरगी?'"

"अख्खा देश नाचला त्यावर."

"हो. माझ्या लेकराच्या मरणावर."

"मग आज आलीस कशाला?"

"गेल्या महिन्यात इस्पितळातून फोन केला होता त्यानं. म्हणाला, 'एकटा असलो की तुझं गाणं मी हळू करून ऐकतो.' म्हटलं, मग चारचौघांत का नाही ऐकवलंस?"

लोरेटा रांग सोडून आत गेली. तिनं रेकॉर्ड प्लेयरची वेगाची कळ मागे सरकवली. नाचरं गाणं जड झालं, एका बाईचं झालं. बाहेर रांगेपर्यंत ते ऐकू आलं.

मागून कुणीतरी विचारलं, "कोण गातंय हे?"

"मी," ओडेसा म्हणाली.