अप्पा डॉक्टरांनी दाखवलेला ताप

मॅडम, इथं जमलेले सगळे डॉक्टर, सिस्टर आणि माझ्यासारखे पेशंट, सगळ्यांना नमस्कार.

मी मोडनिंबची. कडक भाकऱ्या करून विकते. तव्यापुढं माझं तोंड सारखं चालू असतं, पण माईक आज पहिल्यांदाच हातात धरलाय. अप्पा डॉक्टर गेले हे मला अजून खरंच वाटत नाही. काल डॉक्टरांच्या घरून मॅडमचा फोन आला, 'तू दोन शब्द बोल.' मी म्हणाले, मॅडम, मला रडू येईल. त्या म्हणाल्या, 'येऊ दे की.' म्हणून उभी आहे.

अप्पा डॉक्टर म्हणजे स्कॅनचे डॉक्टर. कितीतरी जणांनी त्यांचं नाव नुसतं रिपोर्टखाली वाचलं असेल. मला मात्र ते भेटले.

मला ताप यायचा. दुपार कलली की अंग तापायचं. एक-दोन दिवस नाही, महिनोनमहिने. रक्त तपासलं, लघवी तपासली, थुंकी तपासली. टायफॉइड नाही, मलेरिया नाही, टीबी नाही. रिपोर्ट ठणठणीत आणि मी अंथरुणात! मग लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं, तव्यापुढं बसते, अंग तापणारच. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, कामाचा कंटाळा. सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? मलाच वाटायला लागलं, की लोक म्हणतात तेच खरं असेल. ताप सोसतो हो माणूस. खोटं ठरणं सोसवत नाही.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी मोठ्या स्कॅनला पाठवलं. उपाशीपोटी जा, गोड तर अजिबात नको, असं बजावलं होतं. निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला आपण देतोच की! सेंटरवर विचारलं, काही खाल्लंय का? मी म्हणाले, नाही, नुसती दही-साखर. आता दही-साखर म्हणजे काय खाणं झालं का? पण तिथला माणूस चिडला. आज स्कॅन होणार नाही, म्हणाला. सासूबाई तिथंच रडायला लागल्या. 'माज्यामुळं झालं गं. पोरीचं काम मीच बिगडवलं.'

आवाज ऐकून आतून अप्पा डॉक्टर आले आणि बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसले. म्हणाले, 'आजी, आम्ही पण सुईतून साखरच देतो. तिला किरणांची खूण लावलेली असते. शरीरात जिथं आग आहे तिकडं ती धावते, मग आम्हाला ती जागा दिसते. तुम्ही आधीच साखर दिलीत, तर आमच्या साखरेला कोण विचारणार?' सासूबाई रडता रडता हसल्या.

मग माझ्याकडं वळले. 'भाकऱ्या थापताना कुठला हात आधी दमतो?' इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, डावा. अर्ध्या भाकरीतच भरून येतो. त्यांनी दोन्ही मनगटं धरून नाडी बघितली, डावीकडची बराच वेळ शोधली. म्हणाले, 'उद्या या. तुमचा ताप खरा आहे. तो कुठं बसलाय, एवढंच बघायचंय.'

लक्षात घ्या, स्कॅन व्हायच्या आधी म्हणाले. हातात कुठलाही कागद नसताना म्हणाले, तुमचा ताप खरा आहे. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नुसता डोक्यावर हात ठेवला. स्कॅन झाला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावून पडद्यावर दाखवलं. हृदयातून मोठी रक्तवाहिनी निघते, तिची एक फांदी डाव्या हाताकडं जाते. तिच्याच भिंतीला सूज होती. बाकी सगळं फिकट आणि तेवढीच रेघ पेटल्यासारखी. सासूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. म्हणाल्या, 'एवढी आग घिऊन भाकऱ्या थापत हुतीस व्हय गं?'

माझा अर्धा ताप तिथंच उतरला. उरलेला गोळ्यांनी उतरला, त्याला बरेच दिवस लागले.

बरी झाल्यावर मी भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून सेंटरवर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कसला स्कॅन? म्हटलं, कसलाच नाही. बरी झाले, ते दाखवायला आले. अप्पा डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि आत हाक मारली, 'अरे, सगळे बाहेर या. बरं झालेलं माणूस आलंय!' मग मला म्हणाले, 'आमच्याकडं सगळे दुखणं घेऊन येतात. बरं झाल्यावर इकडं कोण फिरकतं?' दारातच उभं राहून त्यांनी भाकरी मोडली.

ते मला वडिलांसारखे होते, असं मी म्हणणार नाही. माझे वडील गावाकडं धडधाकट आहेत. ते माझे डॉक्टर होते. माझ्यावर विश्वास ठेवणारे. मॅडम, मला त्यांची लई आठवण येते.

आता एकच मागते. अप्पा डॉक्टरांनी आपल्याला बघितलं ते आडवं पडलेलं. घाबरलेलं, डोळे मिटलेलं, यंत्रात सरकवलेलं. आज इथं त्यांच्या यंत्राखालून जाऊन जे जे बरे झालेत, त्यांनी आधी उठा. मग बाकीचे उठा. कुणी काही बोलू नका. दोन मिनिटं त्यांच्या फोटोपुढं नुसते थांबू या.

त्यांना आपल्याला उभं बघू दे.