पंखा बंद करा!

नामवंत गवई गेले. त्यांच्या शोकसभेचा पडदा उघडायचा होता. दोरी धरून ताटकळलेल्या पडदेवाल्याच्या कानावर विंगेतलं सगळं येत होतं. नकलाकाराच्या येरझाऱ्या थांबत नव्हत्या. बुवांच्या पत्नी खुर्चीत शांत बसल्या होत्या.

“वहिनी, मला नाही जमायचं. लोक डोळे पुसतायत आणि मी बुवांची नक्कल करू?”

“ती पंख्याची करा.”

“भर आलापात ओरडायचे ती? ‘अरे, पंखा बंद करा, घसा बसतो माझा!’”

“तीच. पण जरा मोठ्यानं.”

“कोणी चिडलं तर?”

“चिडू दे. गाणं काय, रेकॉर्डवर रोज ऐकते.”

“मग?”

“घरी मुद्दाम पंखा लावून बसते हो. कोणी ओरडतच नाही.”